पहारेकऱ्यावरच घाला



गेल्या काही दिवसांत या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकलेत, नाट्यसंगीतावर ऐकलेत, काल अर्थकारणावरही ऐकलेत. आज गुरांचा डॉक्टर आला आहे. गुरांचा डॉक्टर समोर उभा राहिला म्हणजे ऐकणाऱ्यांच्या मनात ‘मग आम्ही कोण?’ असा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. चालकांजवळ मी ही शंका बोलून दाखवली. ते म्हणाले, “तुम्ही या तर खरे. आमचा श्रोता सोशिक आहे.” त्या सोशिकपणाच्या भरवशावर मी येथे उभा आहे.

जनावरांचा विषय शहरगावात कशाला, असेही कोणी विचारील. उल्हासनगर म्हटले की फाळणीनंतर लष्कराच्या छावणीत वसलेली आणि १९४९ साली नवे नाव मिळालेली वसाहत आठवते. अंबरनाथ म्हटले की शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे शिवालय आठवते, नाही तर कारखाने आठवतात. आणि आपले बदलापूर? येथे प्रवासी घोडे बदलीत म्हणून हे नाव पडले, असे जुनी माणसे सांगत. त्यांचे खरे मानायचे तर आपल्या गावाच्या नावातच जनावर आहे! मी या भागात नोकरीवर प्रथम आलो तेव्हा स्टेशनच्या पलीकडे भातखाचरे होती आणि सकाळी रस्त्यावर माणसांपेक्षा गुरे अधिक भेटत. आता इमारती झाल्या. पण इमारतींच्या मागे तबेले आहेत, बारवीच्या आणि मुरबाडच्या वाटेला कोंबड्यांच्या शेडी आहेत, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवर शेळ्या आहेत. तुमच्या सकाळच्या चहातले दूध आणि रविवारचे अंडे कोठून तरी येतच असते. ते येते तेथे काय चालते, त्यातल्या एका प्रकरणाविषयी मी आज बोलणार आहे.

सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे, तेव्हा कोणाची परवानगी घेण्याचे कारण नाही.

१९९४ सालची गोष्ट. बारवीच्या रस्त्याला एका तरुणाने कर्ज काढून कोंबड्यांची शेड घातली होती. मुलगा कष्टाळू, वहीत रोजचे खाद्य, रोजचे वजन लिहून ठेवणारा. पहिली खेप चांगली गेली. दुसऱ्या खेपेची पिल्ले लवकर मिळत होती, तेव्हा तो मला विचारायला आला, की शेड काही दिवस रिकामी ठेवू की जुन्या तुसावर नवे तूस पसरून लगेच पिल्ले सोडू? हप्ता डोक्यावर होता. मी म्हणालो, “सोड. पहिल्या खेपेत रोग नव्हता, तर आता कोठून येणार?” पिल्ले आली. ठरल्या दिवशी मी स्वतः मानमोडीची लस प्रत्येक पिलाच्या डोळ्यात थेंब थेंब घातली. पिल्ले जरा मरगळलेली वाटली, एकदोन दिवस विष्ठा पातळ झाली, मग सारे ठीक दिसू लागले. पाचव्या आठवड्यात मानमोडी आली. माना पिरगाळलेली, पाय ओढणारी पाखरे मी पाहिली आणि आठ दिवसांत शेड निम्म्याहून अधिक रिकामी झाली. तो मुलगा लसीची रिकामी बाटली हातात घेऊन माझ्या दारात आला. ओरडला नाही. एवढेच म्हणाला, “डॉक्टर, यात पाणी होतं का?”

मला वाटले, असेलही. वाटेत बर्फ वितळला असेल, लस मेली असेल. मी तसे त्याला सांगितले आणि वर कळवलेही. लसीवर दोष ढकलला की डॉक्टर मोकळा होतो. पण लस चांगली होती. त्याच पेटीतल्या बाटल्या मी दुसऱ्या दोन शेडींत वापरल्या होत्या आणि तेथे मानमोडीने एक पाखरू गेले नव्हते. मग येथे काय झाले?

हे समजण्यासाठी जनावराच्या अंगातला पहारा कसा असतो ते थोडक्यात सांगावे लागेल. रक्तात पांढऱ्या पेशी असतात हे आपण शाळेत शिकलेले आहात. त्यांतल्या काही पेशी शिपायासारख्या दिसेल त्या परक्यावर तुटून पडतात. त्यांना ओळख-पाळख लागत नाही. दुसऱ्या पेशी मात्र जाणत्या असतात. त्या एकेका शत्रूचे तोंड ओळखतात, त्याच्यासाठी नेमकी अशी प्रतिपिंडे तयार करतात आणि शत्रू गेल्यावरही त्याची आठवण वर्षानुवर्षे ठेवतात. या जाणत्या पेशींची ठाणी म्हणजे लसिकाग्रंथी, प्लीहा, आतड्याच्या भिंतीतले पुंजके. लस देतो तेव्हा आपण काय करतो? चोराचे छायाचित्र या ठाण्यांत नेऊन दाखवतो. पुढे खरा चोर आला, की ठाण्यातला माणूस त्याला लगेच ओळखतो. पण हे सारे केव्हा? ठाण्यात माणूस असेल तेव्हा. ठाणेच ओस पडले असेल तर छायाचित्र भिंतीला डकवून काय उपयोग?

कोंबडीच्या अंगात अशा ठाण्यांचे मूळ विद्यालय कोठे असते हे फार काळ कोणाला ठाऊक नव्हते. शेपटीखाली, विष्ठेच्या मार्गाच्या वरच्या अंगाला, तिला एक लहानशी पिशवी असते. फॅब्रिशियस नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले आणि ते त्याच्या मृत्यूनंतर, १६२१ साली छापले गेले. नंतर तीनशे वर्षे ही पिशवी कशासाठी आहे हे कोणी सांगू शकले नाही. मग १९५० नंतर अमेरिकेत ओहायो येथे ब्रूस ग्लिक नावाचा एक विद्यार्थी ती पिशवी कापून काय होते ते पाहत होता. काहीच होत नव्हते! पाखरे वाढत होती, खात होती. त्याचा एक सहाध्यायी, चँग, याला वर्गापुढे प्रतिपिंडांचा प्रयोग करून दाखवायचा होता. त्याने ग्लिकची उरलेली पाखरे मागून नेली, त्यांना साल्मोनेला जंतूंपासून केलेले द्रव्य टोचले, आणि वर्गापुढे त्याची फजिती झाली. बहुतेक पाखरांच्या रक्तात प्रतिपिंडेच तयार झाली नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले, की ती पिशवी कापलेली पाखरे होती. दुसऱ्या कोणी प्रयोग फसला म्हणून हात झटकले असते. या दोघांनी तसे केले नाही. त्यांचा निबंध एका नामांकित नियतकालिकाने परत पाठवला आणि तो १९५६ साली कुक्कुटपालनाच्या एका मासिकात छापला गेला. आज माणसाच्या वैद्यकातही प्रतिपिंडे करणाऱ्या पेशींना ‘बी पेशी’ म्हणतात. त्यातले ‘बी’ हे अक्षर कोंबडीच्या त्या पिशवीच्या इंग्रजी नावातले आहे. पुढच्या वेळी रक्ततपासणीच्या कागदावर ‘बी पेशी’ वाचाल तेव्हा कोंबडीचे स्मरण करा.

आता माझ्या तरुणाकडे वळतो. १९६२ साली अमेरिकेतील गम्बोरो या गावाजवळच्या कोंबड्यांत आढळलेला एक विषाणुरोग प्रथम वर्णिला गेला. त्या गावावरूनच त्याला गम्बोरो म्हणतात. हा विषाणू नेमका त्या पिशवीवर पडतो आणि तेथे शिकत असलेल्या कोवळ्या बी पेशी मारतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलाला तो झाला तर पिलू उघड आजारी पडते, मरते, मालकाला कळते. पण त्याहून लहान पिलाला झाला तर? बाहेरून फारसे काही दिसतच नाही. पिलू मरत नाही, जरा मरगळते आणि उठते. आतली पिशवी मात्र सुकून जाते आणि ते पाखरू आयुष्यभर पहाऱ्यावाचून राहते. त्याला मानमोडीची लस द्या, दहा वेळा द्या, प्रतिपिंडे करायची कोणी? आणि हा विषाणू असा चिवट, की रिकाम्या शेडीतही तो चार-चार महिने टिकून राहतो. जुन्या तुसात तो खुशाल बसून असतो.

मी ज्या तुसावर पिल्ले सोडायला सांगितले, ते हेच.

मेलेली पाखरे उघडताना मी गळा पाहिला होता, जठर पाहिले होते, मानमोडीच्या साऱ्या खुणा टिपल्या होत्या. ती पिशवी मी पाहिली नव्हती. पाच आठवड्यांच्या पाखराची पिशवी चांगल्या बोरासारखी ठसठशीत हवी. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून उरलेल्या पाखरांपैकी काही उघडली, तर ती वाटाण्याहून मोठी नव्हती. त्या मुलाच्या घरी जाऊन मी हे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग मारलं कोणी? मानमोडीनं की त्या दुसऱ्यानं?” श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा सारा विषय त्या प्रश्नात आहे. मृत्यूच्या दाखल्यावर ज्याचे नाव लिहिले जाते तो पुष्कळदा मागाहून आत शिरलेला असतो. दार आधीच कोणी तरी उघडून ठेवलेले असते.

हे काही कोंबडीपुरतेच नाही. आपल्याकडील जुन्या शेतकऱ्याला ज्या रोगाच्या नावाने कापरे भरत असे तो बुळकांडी. आज या सभागृहात साठीच्या आतल्या कोणी बुळकांडीचे जनावर पाहिले असण्याचा संभव थोडा. ताप, तोंडात व्रण, डोळ्यांना धारा, मग दुर्गंधी जुलाब आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवे. या एका रोगाने हिंदुस्थानातील गुरांचा असा संहार चालवला होता, की सरकारला १८६९ मध्ये त्यासाठी आयोग नेमावा लागला आणि ९ डिसेंबर १८८९ रोजी त्यासाठी एक प्रयोगशाळा काढावी लागली. कोठे काढली? पुण्यास, तेथील विज्ञान महाविद्यालयात. डॉ. लिंगार्ड हे तिचे प्रमुख. इतका संसर्गजन्य रोग वस्तीत ठेवणे बरे नव्हे म्हणून १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. तिचे पाळणाघर पुणे आहे, ही गोष्ट पुण्याचे लोक फारशी सांगत नाहीत. इतर सर्व गोष्टी सांगतात!

मुक्तेश्वरला काय दिसले ते महत्त्वाचे आहे. त्या वेळी जनावराला बुळकांडीचे जिवंत विषाणू असलेले रक्त आणि त्याचबरोबर रोगातून उठलेल्या जनावराचे रक्तजल, असे दोन्ही टोचण्याची पद्धत होती. हेतू असा, की रोग सौम्य व्हावा आणि प्रतिकार कायमचा यावा. पण काही जनावरे बुळकांडीने न मरता भलत्याच रोगाने मरू लागली. गोचिडांमधून आलेले परजीवी त्यांच्या रक्तात कित्येक दिवस मुकाट राहत होते. जनावर धडधाकट, परजीवी गप्प, असा तह होता. बुळकांडीचा विषाणू अंगात शिरताच तो तह मोडला आणि परजीवी उसळून आले. त्या काळी लोकांनी हे पाहिले, पण त्याचे पूर्ण कारण त्यांच्या हाती नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे, की हा विषाणू लसिकापेशींवरच्याच एका विशिष्ट खुंटीला धरून आत शिरतो. म्हणजे चोराने घरात शिरण्यासाठी खिडकी शोधली नाही, सरळ पहारेकऱ्याच्या चौकीतच प्रवेश केला. लसिकाग्रंथी, प्लीहा, आतड्यांतले पुंजके, जेथे जेथे पहारा तेथे तेथे नासधूस.

आणि तरीही एक विलक्षण गोष्ट अशी, की बुळकांडीतून जे जनावर वाचे त्याला पुन्हा आयुष्यात बुळकांडी होत नसे. पहारा मोडणारा हा शत्रू स्वतःची आठवण मात्र पक्की कोरून जातो! या स्वभावाचा त्याचा एक भाऊबंद आपल्या घरात येऊन गेलेला आहे. गोवर. बुळकांडी आणि गोवर यांचे विषाणू अगदी सख्ख्या नात्यातले आहेत. माणसाने गाईगुरांशी संसार मांडला तेव्हा त्यांच्याच विषाणूपासून पुढे गोवर झाला, असे शास्त्रज्ञ मानतात. १९०८ साली व्हिएन्नाच्या फॉन पिरके या डॉक्टरांनी पाहिले, की क्षयाच्या चाचणीला त्वचेवर गाठ येणाऱ्या मुलाला गोवर निघाला म्हणजे ती गाठ येईनाशी होते. अंगाला क्षयाची ओळखच राहत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत असे दिसले, की लस न घेतलेल्या मुलांना गोवर होऊन गेल्यावर इतर रोगांविरुद्धची त्यांची प्रतिपिंडे ११ पासून ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. आपल्या आज्या म्हणत, “गोवर गेला तरी पोराला वर्षभर जपा.” ही गोष्ट त्यांना प्रयोगशाळेवाचून कळली होती, एवढाच फरक.

बुळकांडीची हकीकत मात्र आनंदाची आहे. आपल्या देशात १९५४ साली तिच्या निर्मूलनाची योजना सुरू झाली आणि लस टोचणारे लोक खेडोपाडी फिरले. शेवटचा रोगी आपल्याकडे १९९५ मध्ये सापडला, आणि २०११ साली साऱ्या जगातून बुळकांडी गेल्याची घोषणा झाली. माणसाची देवी आणि गुरांची बुळकांडी, हे दोनच रोग मनुष्याने पृथ्वीवरून घालवले आहेत. देवीबद्दल सर्वांना ठाऊक असते. बुळकांडीसाठी कोणी ढोल वाजवले नाहीत. माझ्या खात्यातल्या कित्येक माणसांनी आयुष्यभर सायकलीच्या कॅरिअरला बर्फाची पेटी बांधून हे काम केले आणि निवृत्त होऊन ती निमूटपणे घरी गेली.

बुळकांडी गेली, पण तिच्या घराण्यातला एक मागे राहिला आहे. शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर. आपल्या देशात तो १९८७ साली प्रथम दक्षिणेत ओळखला गेला. त्याचा स्वभाव तोच. आमच्या डोंगराकडच्या एका पाड्यावरची एक कातकरी बाई मला दरवर्षी भेटत असे. तिच्या सात शेळ्या होत्या, आणि तिची बँक म्हणा, विमा म्हणा, जे काय म्हणावे ते त्या सातच होत्या. एका वर्षी त्यांना ताप आला, नाक वाहू लागले, जुलाब लागले. तिने आपल्या समजुतीप्रमाणे औषध केले आणि चार शेळ्या त्यातून उठल्या. ती म्हणाली, “गेलं संकट.” पंधरा दिवसांत त्या चारांपैकी दोन न्युमोनियाने गेल्या. तिला वाटले, ही दुसरी दृष्ट लागली. दुसरी काही नव्हती. त्या शेळ्यांच्या नाकात-घशात नेहमीच राहणारे जंतू, पहारा उठलेला पाहून फुप्फुसात उतरले होते. म्हणून आम्ही अशा वेळी जुलाब थांबल्यावरही शेळीला आडोशाला ठेवा, पावसात चरायला नेऊ नका, कळपात लगेच मिसळू नका, असे पुन्हा पुन्हा सांगतो. विषाणूवर थेट औषध आमच्याजवळ नाही. पहारा पुन्हा उभा राहीपर्यंतचे दिवस तेवढे सांभाळून द्यायचे. २०३० पर्यंत जगातून हा रोग घालवायचा असे ठरलेले आहे. त्याची एक सुई घेतलेली शेळी काही वर्षे निर्धास्त असते, आणि ती सुई तिच्या मालकिणीपर्यंत पोचत नसेल तर तो दोष तिचा नव्हे.

तबेल्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तबेल्यातली म्हैस येथली नसते. गुजरातेतून, हरियाणातून ती ताजी व्यायलेली येते आणि भाकड झाली की जाते. त्यामुळे एका छपराखाली पाच प्रांतांच्या म्हशी, पाच प्रांतांचे रोग घेऊन उभ्या असतात. ट्रकमध्ये दोन-तीन दिवस उभे राहिल्याने अंगाची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते. त्यात लाळ-खुरकत आली, म्हणजे तोंडाला आणि खुरांना फोड, खाणे बंद. प्रौढ म्हैस बहुधा लाळ-खुरकतीने मरत नाही. मालक म्हणतो, “आठ दिवसांत उठेल,” आणि उठतेही. पण घटसर्पाचा जंतू पुष्कळ निरोगी म्हशींच्या घशात वस्तीला असतोच. ताप, उपास, पावसाचा मारा यांनी जनावर खचले, की तो तेथून रक्तात उतरतो. संध्याकाळी गळ्याला सूज, रात्री घरघर आणि सकाळी दावे मोकळे. अशा वेळी मालकाला लाळ-खुरकत आठवत नाही. ती मागच्या पंधरवड्यातली गोष्ट असते. देशात सप्टेंबर २०१९ पासून लाळ-खुरकतीच्या लसीकरणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, त्याचा हिशेब मांडताना केवळ वाचलेल्या दुधाचा मांडतात. टळलेला घटसर्पही त्यात मांडला पाहिजे, असे माझे मत आहे.

आता ज्याबद्दल आपण मला विचारणारच आहात तो लंपी. १९२९ साली आफ्रिकेत झांबियात प्रथम दिसलेला हा रोग २०१९ मध्ये आपल्या देशात ओडिशात आला, आणि २०२२ च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यापासून महाराष्ट्रात जो पसरला तो आपल्या ठाणे जिल्ह्यापर्यंत आला. त्या वर्षी देशात एक लाखाहून अधिक जनावरे गेली. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली. रस्त्यावर अंगभर गाठी आलेल्या गाई आपण पाहिल्यात. तेव्हा पुष्कळ घरांतून दूध बंद झाले होते, हे मला ठाऊक आहे. मला रात्री अकरा वाजता फोन येत, “डॉक्टर, चहा घ्यावा का?” घ्यावा. लंपी माणसाला होत नाही, आणि दूध तर आपण उकळूनच घेतो.

हा विषाणू देवीच्या घराण्यातला. या घराण्याची युक्ती बुळकांडीहून वेगळी आहे. तो पहारेकऱ्याला मारण्याऐवजी त्याला फसवतो. पहारेकरी एकमेकांना हाका मारतात, ‘शत्रू आला, धावा’ असे रासायनिक निरोप धाडतात. लंपीच्या विषाणूच्या गुणसूत्रात असे काही लेख आहेत, की ज्यांच्यामुळे तो या निरोपांची नक्कल करतो किंवा ते वाटेतच अडवतो. ‘सर्व शांत आहे, झोपा’ असा खोटा निरोप तो देतो म्हणा ना! तोवर गाठी वाढतात, फुटतात, त्यांवर माशा बसतात, अळ्या पडतात, फुप्फुसात जंतू शिरतात, आणि जुना गोचीड-ताप असेल तर तोही उठतो. त्या वर्षी ज्या गोठ्यात गोचीड साफ केले होते, जखमा रोज धुऊन माशा हाकलल्या होत्या, तेथील गाई अधिक वाचल्या असा माझा अनुभव आहे. ‘लंपीवर औषध नाही’ हे वाक्य ऐकून ज्यांनी हात टेकले त्यांच्या गाई गेल्या. औषध लंपीवर नव्हते. पण मागाहून आत शिरणाऱ्यांवर होते.

आणि शेळीच्या देवीची लस गाईला का, म्हणून पुष्कळांनी वाद घातला. एका सद्गृहस्थांनी तर ‘गाईला शेळी करता काय?’ असे मला भर रस्त्यात विचारले. दोन्ही विषाणू चुलत भाऊ आहेत. एकाचे तोंड पाहून ठेवले की दुसरा ओळखू येतो. जेन्नरने १७९६ साली गाईच्या देवीवरून माणसाला वाचवले, तेव्हा माणसाची गाय झाली नाही. मात्र एक गोष्ट खरी. ज्या जनावराच्या अंगात लंपी आधीच शिरली होती, त्याला घाईने लस दिली आणि चौथ्या दिवशी गाठी उठल्या, की गावभर ‘लसीनेच रोग झाला’ अशी बोंब होई. लस दिल्यावर ठाणे सज्ज व्हायला तीन आठवडे लागतात. घराला आग लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

आता शेवटी एक गोड विषय, पण त्यातही मी थोडा कडूपणा घालणार आहे. खरवस आपल्यापैकी कोणाला आवडत नाही? गाईच्या गर्भाशयाची रचना अशी, की आईची प्रतिपिंडे पोटातल्या वासराकडे जवळजवळ जातच नाहीत. माणसाचे मूल आईचा थोडा पहारा घेऊन जन्मते. वासरू मात्र अगदी उघडे जन्मते. त्याला मिळायचा तो सारा पहारा पहिल्या चिकातून. आणि वासराच्या आतड्याची दारे ती प्रतिपिंडे आत घ्यायला पहिले काही तासच मोकळी असतात. एक दिवस उलटला की बंद. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत वासराला पोटभर चीक पाजलाच पाहिजे. तबेल्यात तो चीक विकला जातो, कारण आपण चांगला भाव देतो. वासरू पहिल्याच विषाणूने जाते आणि मालक म्हणतो, “रेडकूच होतं, जायचंच होतं.” खरवस खाऊ नका असे मी म्हणत नाही, मीही खातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा खा. तो जरा पातळ होतो, वड्या थोड्या मऊ पडतात, पण चवीला काही वाईट नसतो. पहिल्या दिवसाचा चीक दारावर आला तर विचारा, “वासराला पाजून उरला का?” गिऱ्हाइकाने विचारले तर गोठेवाला ऐकतो. डॉक्टरने विचारले तर ऐकतोच असे नाही.

तो बारवीच्या रस्त्याचा तरुण आता साठीकडे झुकला आहे. कर्ज फेडायला त्याला सहा वर्षे लागली. त्याची शेड अजून आहे. दोन खेपांच्या मध्ये तो ती धुऊन, चुना मारून रिकामी ठेवतो, आणि कोणी डॉक्टर ‘लवकर सोड’ म्हणाला तर त्याला माझ्याकडे पाठवतो. खेपेतली दोन-तीन पिल्ले तो दर वेळी मला उघडून पाहायला लावतो. मी आता पहिल्यांदा ती पिशवीच पाहतो.

पाऊस आता महिन्यावर आला आहे. घटसर्पाची आणि फऱ्याची लस पावसापूर्वी द्यावयाची ती याच दिवसांत. तीन आठवड्यांचा हिशेब मी मघाशी सांगितलाच. ज्यांच्या घरी, शेजारी, ओळखीत जनावर आहे त्यांनी उद्या सकाळी दवाखान्यात निरोप धाडला तरी पुरे. प्रश्न असतील तर विचारा. चहाविषयीचे उत्तर मात्र मी दिलेले आहे.